निवारण झाले

टेबलावर दोन कप होते, एकात कॉफीचा गाळ आणि एकात दुधाची साय; बिस्किटांचा पुडा, त्यात तीन उरलेली; भूगोलाची वही; दोन पेन्सिली, त्यांतली एक चावून चावून टोकाशी मऊ झालेली; आणि दोन फोन, दोन्ही उपडे ठेवलेले. माणसंही दोनच, मावशी आणि भाची. शनिवारची दुपार होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं. ते यंत्र थांबलं आणि त्या शांततेत भाची वहीतून मान वर न काढता म्हणाली, "मी एकदा तुमच्याकडे लिहिलं होतं."

"आमच्याकडे म्हणजे?"

"तुमच्या त्या खिडकीत."

"मग?"

"मग काय. 'आम्ही तुझं ऐकतोय' असं आलं. मी थांबले. खूप वेळ थांबले. मग आई आली, म्हणून बंद केलं."

"कधी गं? साधारण किती वाजता?"

तोंडातून निघालं तेव्हा या प्रश्नात मावशीला काहीच वावगं वाटलं नाही. पुढे मात्र तो दाढेत अडकलेल्या धाग्यासारखा राहिला. दुसरं काहीही करत असली तरी जीभ तिथेच जायची. भाचीने पेन्सिल खाली ठेवली. चेहऱ्यावर जे काही जरासं उघडलं होतं ते मिटलं, आणि मिटताना आवाज झाला नाही. "जाऊ दे," ती म्हणाली. "हा डोंगर तपकिरी करू की हिरवा?" मावशी म्हणाली, "तपकिरी." खाली पुन्हा भोक पाडणं सुरू झालं, आणि मावशीला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं.

भाचीला घरीदारी सगळे खारू म्हणायचे. तीन-चार वर्षांची होती तेव्हा ती बिस्किटं उशीखाली, मोज्यांत, आईच्या रुग्णालयातल्या पांढऱ्या कोटाच्या खिशात लपवून ठेवायची आणि विसरून जायची. एकदा एका अत्यवस्थ माणसाची नाडी बघताना ताईच्या खिशातून बिस्किटाचा चुरा सांडला होता, आणि तो माणूस हसला होता, असं ताई सांगायची. ताई परिचारिका. तिच्या पाळ्या बदलत्या, म्हणून शाळा सुटली की खारू मावशीकडे यायची, आणि शनिवारी तर दिवसभर. मावशीचं लग्न झालेलं नव्हतं, घर दोन खोल्यांचं होतं, आणि त्यात खारूचा एक स्वतःचा खण होता. त्या खणात काय आहे हे मावशीने कधी उघडून पाहिलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता. आपण विचारत नाही म्हणून ती आपल्याला सांगते, अशी तिची समजूत होती. आणि सांगितलं तेव्हा तिने विचारलं ते हे, की किती वाजता.

ती ज्या संस्थेत काम करायची तिथे मुलं लिहायची. इंटरनेटवर कुणी धमकावलं, कुणी फोटो मागितले, कुणी टोळी करून छळलं, की संस्थेच्या संकेतस्थळावर एक खिडकी उघडायची, नाव-गाव न सांगता लिहायचं, आणि पलीकडून कुणीतरी उत्तर द्यायचं. पलीकडच्यांना 'ऐकणारे' म्हणत. ते शिकवून तयार केलेले स्वयंसेवक होते आणि नेहमीच कमी पडायचे. मुलाने पहिला शब्द लिहिला की 'आम्ही तुझं ऐकतोय' हे वाक्य आपोआप जायचं, माणूस यायचा तो नंतर. मावशीचं काम ऐकण्याचं नव्हतं, मोजण्याचं होतं. किती मुलांनी लिहिलं, किती वेळ बोलणं चाललं, शेवटी काय झालं. भौतिकशास्त्र शिकून आलेली ही मुलगी दशांशचिन्हासाठी भांडते म्हणून कार्यालयात तिला 'मोजपट्टी' म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. मुलांनी लिहिलेला मजकूर तीन महिन्यांत पुसला जाई, हा नियम चांगलाच होता. मागे राहायच्या फक्त वेळा, आणि एक शेरा. संवाद मुलाने स्वतःहून बंद केला असेल तर यंत्र तिथे शेरा मारायचं: निवारण झाले.

त्या शेऱ्याकडे तिने रोज पाहिलं होतं. तो तिने ठरवलेला नव्हता, ती येण्याआधीपासूनचा होता, आणि दिसायला इतका साधा होता की घराच्या उंबऱ्यासारखा त्यावरून पाय उचलला जायचा. मूल गेलं म्हणजे त्याचं काम झालं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला महाविद्यालयातली प्रयोगशाळा आठवली, फडताळातली शिशाची पेटी, आणि किरणोत्सर्ग मोजणारं ते टकटकणारं यंत्र. थोडी किरणं असली की ते थोडं टकटकायचं, जास्त असली की जास्त. आणि फारच जास्त झाली की ते एकदम गप्प व्हायचं, काटा शून्यावर. तिने पहिल्या दिवशी वहीत सुवाच्य अक्षरात 'शून्य' लिहिलं होतं. सर मागून येऊन म्हणाले होते, "बाई माझे, शून्य दिसलं की आधी यंत्राला विचारायचं, तुला बरं वाटतंय ना? खोली शांत आहे म्हणजे कुणी मेलं नाही, असं नसतं." सगळा वर्ग हसला होता, तीही हसली होती. तिने तो धडा परीक्षेत लिहिला, त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि मग तो जिथे लागला असता तिथे तिने तो नेला नाही.

सोमवारी तिने मोजलं. कठीण काहीच नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. दोन रकाने शेजारी शेजारी ठेवायचे होते, इतकंच. शेरा काय, आणि ऐकणाऱ्याने एक तरी शब्द लिहिला होता का. निवारण झालेल्या दर शंभर मुलांमागे सदतीस मुलांना कुणीही काहीही लिहिलं नव्हतं. ती मुलं थांबली होती आणि गेली होती. त्या सदतिसांत कुठेतरी खारू होती, आणि मावशी ते रकाने खाली खाली सरकवत राहिली, जणू एखाद्या ओळीला खारूचा वास येईल. मजकूर पुसलेला होता. ओळी सगळ्या सारख्या होत्या. वेळ माहीत असती तर सापडली असती, असं तिच्या मनात आलं, आणि मग त्या विचाराचीच तिला शिसारी आली; पण आधी तो आला होता.

संस्था उभी केली ती बाईंनी. बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हात अजून खडूच्या भुकटीने भरल्यासारखे झटकत बोलणाऱ्या. त्यांनी आकडा ऐकला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "छापायचा," त्या म्हणाल्या.

"वार्षिक अहवालात गेल्या वर्षी आपण 'निवारण' म्हणून जे छापलं—"

"ते चुकलं असं छापायचं. मुलांना आपण घसा फोडून सांगतो, काही झालं तर लपवू नका. आणि आपण मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बसायचं? विश्वस्तांपुढे ठेव. वकील फणा काढतील, काढू देत. तू घाबरतेस काय?"

"नाही."

"मग चेहरा असा का झालाय गं मोजपट्टी तुझा?"

तेव्हाच सांगता आलं असतं. बाईंना, एकट्या बाईंना, दार लावून. तिने सांगितलं नाही, कारण ते खारूचं होतं, आणि दुसऱ्याचं गुपित आपण राखतोय याचं तिला त्या क्षणी बरं वाटलं. हे बरं वाटणं पुढे जेमतेम आठ दिवस टिकलं.

बाईंचा एक नियम होता आणि त्यासाठी संस्थेचं नाव होतं. विश्वस्तांच्या बैठकीत जे बोललं जाईल ते सगळं, शब्द न शब्द, आठवड्याच्या आत संकेतस्थळावर. कुणी वाचो न वाचो. डॉक्टर, म्हणजे विश्वस्तांपैकी एक बालरोगतज्ज्ञ, म्हणायचे की इथे शिंकलं तरी इतिवृत्तात येतं, आणि एकदा लेखनिकेने खरोखरच 'डॉक्टर शिंकले' असं लिहून त्यांची जिरवली होती. हा किस्सा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. मावशीलाही ऐकवला होता, आणि तिला वाटलं होतं, काय छान जागा आहे, इथे कोपरेच नाहीत.

बैठकीला नऊ विश्वस्त होते. खोलीला दोन बाजूंनी काचा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. त्यांतल्या एका चित्रात एक मोठा कान होता आणि कानात एक माणूस बसला होता. ती बोलली ते नीट बोलली. रकाने दाखवले. शेरा बदलावा, ज्याला माणसाचं उत्तर मिळालं नाही तो संवाद बंद समजू नये, त्यापुढे 'उघडा' असं लिहावं, आणि किती उघडे आहेत ते दरवर्षी छापावं, एवढंच तिचं मागणं होतं. अध्यक्षस्थानी वकील होते. वकिलांचा आवाज मऊ होता; त्या आवाजात त्यांनी किती जणांची घरं रिकामी करवली असतील, असा तिला नेहमी प्रश्न पडायचा.

"मोजणी तुमची अचूक असणार, त्याबद्दल वाद नाही," वकील म्हणाले. "अर्थाबद्दल आहे. मूल निघून गेलं. का गेलं? कदाचित लिहूनच त्याला मोकळं वाटलं असेल. कदाचित चेष्टा म्हणून लिहिलं असेल. दुकानात शिरणारा प्रत्येकजण काही विकत घेत नाही."

"हे दुकान नाही," बाई म्हणाल्या.

"उपमा हो, बाई. उद्या 'सदतीस टक्के मुलांना वाऱ्यावर सोडलं' असा मथळा येईल तेव्हा उपमा मी देणार नाही, वर्तमानपत्रं देतील. आणि मग कुठलं मूल लिहायला येईल? मी इतकंच विचारतो, पुरावा काय? तुमच्या या सदतिसांतलं मला एक तरी मूल दाखवा, जे निघून गेलं आणि ज्याचं निवारण झालं नव्हतं."

"दाखवते," ती म्हणाली. "माझी भाची. बारा वर्षांची आहे."

खोली शांत झाली. अशी शांतता तिने आयुष्यात कधी निर्माण केली नव्हती. तिचे शब्द एकेक जाऊन बसत होते: लिहिलं, 'ऐकतोय' आलं, थांबली, आई आली, बंद केलं. कुणीतरी बाटलीचं झाकण हलकेच फिरवून लावलं. वकिलांनी डोळे खाली घातले. डॉक्टरांनी विचारलं, "बरी आहे ना ती आता?" आणि ती म्हणाली, "हो. बरी आहे." हे तिने कशावरून म्हटलं? खारू तेव्हापासून त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती, यावरून. पण हे तिला त्या खोलीत सुचलं नाही. त्या खोलीत तिला आपले कान गरम झालेले कळत होते, आणि ठराव मांडला जात होता, आणि हात वर होत होते, वकिलांचाही. आणि त्या हातांकडे बघताना तिला जे वाटलं त्याला आनंद सोडून दुसरा शब्द नाही.

तीन दिवसांनी लेखनिकेने इतिवृत्ताचा मसुदा तिच्याकडे पाठवला, नेहमीप्रमाणे. आकडे मोजपट्टीने तपासायचे ही रीतच होती. तिने चार पानं वाचली. 'सदतीस टक्के' होतं तिथे दशांश राहून गेला होता. तो तिने घातला. एका ठिकाणी 'सरासरी' लिहिलं होतं, ते 'प्रमाण' केलं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: मोजणी विभागाच्या प्रमुखांनी स्वतःच्या बारा वर्षांच्या भाचीचे उदाहरण दिले. तिने ते वाक्यही वाचलं. त्यातला 'बारा' बरोबर आहे ना, हे पाहिलं. खाली 'ठीक' लिहिलं आणि परत पाठवलं. नंतर तिने स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं की घाई होती, डोकं दुखत होतं, लक्ष नव्हतं. पण घाई नव्हती आणि लक्ष होतं. तिचं जसं लक्ष असतं तसंच पूर्ण लक्ष होतं.

पुढच्या मंगळवारी ताई आली, कामावरून सरळ, बूट न काढता. ताई बूट न काढता घरात येते म्हणजे जग बुडालंय, हे लहानपणापासून ठरलेलं. तिने फोन पुढे धरला. त्यावर ते तिसरं पान होतं.

"शाळेतल्या त्यांच्या बाईंनी वर्गात लावलं हे," ताई म्हणाली. "फळ्याएवढ्या पडद्यावर. इंटरनेटवरच्या सुरक्षिततेचा तास होता. म्हणे, बघा मुलांनो, काहीही न लपवणारी संस्था कशी असते. आणि एक पोरगी ओरडली, ही तर खारूची मावशी! कारण हिनेच सांगून ठेवलेलं सगळ्यांना, आमची मावशी तिथे मोजणीची प्रमुख आहे म्हणून. मिरवत होती गं तुला."

"ताई—"

"आता अख्खा वर्ग तिला विचारतोय, काय लिहिलं होतंस, कुणाबद्दल लिहिलं होतंस. आणि ज्याच्याबद्दल लिहिलं ते पोर त्याच वर्गात असेल तर? मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"नाही."

"काय झालं होतं तिला?"

"मला माहीत नाही, ताई. तिने सांगितलं नाही."

"मग तू ऐकलंस तरी काय?"

ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिच्या मनगटावर हातमोज्याच्या कडेचा लाल वळ होता. "नऊ परक्या माणसांना सांगितलंस," ती हळू म्हणाली. "मोजायला एवढी हुशार तू. दहावी मी नाही आठवले तुला?" जाताना तिने खणाकडे पाहिलं, खारूच्या, आणि तो न उघडता, "वह्या न्यायला येईल ती, नाहीतर मी येईन," असं म्हणून दार ओढून घेतलं. जोरात आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे गेली. वाक्य काढा म्हणाली. बाई उठून खिडकीपाशी गेल्या. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं. "आजवर काही काढलं नाही आपण," त्या म्हणाल्या. "काढलं तर काढलं असंही लिहावं लागेल. गुपचूप काढलं तर आपल्यात आणि त्या धमक्या देणाऱ्यांत फरक काय, पुरावा पुसायचा तर तेही पुसतात." मग त्यांचा आवाज शाळेतला राहिला नाही. "चूक माझीही आहे गं. सगळ्या भिंती काचेच्या केल्या. आत पोरं राहतात हे विसरले." त्यांनी वाक्य काढलं. त्या जागी तिरक्या अक्षरात छापलं: येथील एक वाक्य एका मुलाच्या खाजगीपणासाठी काढले आहे. आधी ज्यांनी ते पान वाचलं नव्हतं त्यांनीही मग, काय बरं काढलं असेल म्हणून, जुनी प्रत शोधून वाचलं.

अहवाल वेळेवर निघाला. वकील घाबरले होते तसा मथळा आला नाही. उलट एका वर्तमानपत्राने 'स्वतःची चूक स्वतः छापणारी संस्था' म्हणून कौतुक केलं, आणि त्या बातमीचं कात्रण कुणीतरी तिच्या टेबलावर आणून ठेवलं, वर पेन्सिलीने लिहून, मोजपट्टी जिंदाबाद. ऐकणारे वाढवायचं ठरलं. यंत्रातला शेरा बदलला. उघड्या संवादांना दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा लिहायला लागला, 'काल आम्ही पोहोचलो नाही, तू आहेस का?' आणि काही मुलं परत आली. हे सगळं चांगलं झालं, यात तिला शंका नव्हती. त्यातून काहीच वजा होत नव्हतं. फक्त शाळा सुटायच्या वेळी कार्यालयातून घरी जाताना ती वाचनालयावरून जायची, आणि काचेतून तिला खारू दिसायची, लांब टेबलाच्या टोकाला, कुणीच शेजारी नसलेल्या खुर्चीवर, पेन्सिल तोंडात. एकदा तिने वर पाहिलं. मावशीने हात अर्धवट उचलला. खारूने वहीचं पान उलटलं, डोंगर रंगवून झाला असावा.

वह्या न्यायला शेवटी ताईच आली. खण रिकामा केला तेव्हा तळाशी एक बिस्कीट निघालं, कागदी रुमालात नीट गुंडाळलेलं, मऊ पडलेलं. ताईने ते मावशीच्या हातावर ठेवलं आणि जराशी हसलीसुद्धा. "अजून लपवते," ती म्हणाली. मग म्हणाली, "बोलत नाही अजून. माझ्याशीही नाही. जेवते, झोपते, अभ्यास करते. सगळे म्हणतात बरी आहे." मावशीला त्या प्रयोगशाळेतल्या काट्याबद्दल सांगावंसं वाटलं, पण तिने रुमालाची घडी तेवढी नीट केली.

त्या रविवारी दुपारी ती त्याच टेबलाशी बसली आणि खारूला निरोप लिहायला लागली. पहिल्यांदा लिहिलं ते फार लांब झालं. त्यात वकील होते, ठराव होता, किती मुलं परत आली तेही होतं. ते पुसलं. दुसऱ्यांदा लिहिलं त्यात शेवटी प्रश्न होता. तोही पुसला. तिसऱ्यांदा लिहिलं: 'खारू, तू मला सांगितलंस ते मी तुला न विचारता लोकांना सांगितलं. तू सांगत होतीस तेव्हा मी भलतंच विचारलं. दोन्ही चुकलं. काय झालं होतं ते मी विचारत नाही. मी ऐकतेय.' शेवटचे दोन शब्द तिने पुन्हा वाचले, आणि ते पुसले. त्या जागी लिहिलं, 'खण रिकामा आहे. बिस्कीट मी परत तिथेच ठेवलंय.' आणि पाठवलं. फोन उपडा ठेवला नाही.

पाठवला: दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी. वाचला: तीन वाजून एकवीस मिनिटांनी. संध्याकाळी सातपर्यंत उत्तर नाही. संवाद उघडा.